सुतारकाम? आमच्या घरात?

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की प्रश्न ठरलेले असतात. ‘कॉम्प्युटर हुकलं, मेकॅनिकल घेऊ का?’ ‘डेटा सायन्सला डोनेशन भरू का?’ विचारतात आईवडील. मूल शेजारी गप्प बसलेलं असतं.

कोडिंगची गोडी असेल त्याने खुशाल कॉम्प्युटर घ्यावं. मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षांची माहिती गल्लोगल्ली मिळते. मला बोलायचंय ते डुगडुगती खुर्ची पाहिली की तिला उलटी करून बघणाऱ्या मुलांबद्दल. जुन्या लाकडी फर्निचरची पारख आणि दुरुस्ती हे त्यांचं काम आहे.

हे नुसतं पॉलिश मारणं नव्हे. विक्रेता म्हणतो, ‘दोनशे वर्षांचं, गोव्याच्या जुन्या घरातलं.’ तुम्ही ड्रॉवर काढून पालथा घालायचा. करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त असतील तर हातकरवत; कमानीसारख्या असतील तर यंत्राचं गोल पातं, म्हणजे दोनशे वर्षांवर शंका घ्यायची. स्क्रू बोथट टोकाचा आणि खाच मध्यावर नसलेली असेल, तर तो जुना. यंत्राने बनवलेले टोकदार स्क्रू रुळले ते १८५०च्या आसपास. गोल टेबल दोन्ही दिशांनी मोजायचं. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं, त्यामुळे जुनं टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. तरी एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. स्क्रू नंतर बदललेला असतो, आणि पाडलेल्या वाड्याच्या सागवानातून कालपरवा घडवलेलं ‘अँटिक’ही बाजारात असतं.

दुरुस्तीतही हात आवरावा लागतो; आज केलेलं उद्या उलटवता आलं पाहिजे. चपड्याचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश तसं विरघळत नाही. सरसाने बसवलेला जोड ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो. तिथे फेव्हिकॉल ओतला की पुढच्या कारागिराची वाट बंद. शंभर वर्षांत चढलेली झाक पॉलिशपेपरने घासून काढणारा वस्तूची किंमतच उतरवतो. कायदाही माहीत हवा: १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढची कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी निर्यात करता येत नाही.

वाट अशी: आयटीआयमध्ये सुतारकाम शिका, मग पदवी घ्या, रसायनशास्त्र असेल तर उत्तम. पुढे नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. लखनौला १९७६पासून सांस्कृतिक वस्तूंच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. सुट्टीत चोरबाजारात, जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात फिरा, एखाद्या जुन्या कारागिराच्या हाताखाली राहा. कॅम्पस प्लेसमेंट नाही, सुरुवातीची कमाई तुटपुंजी, धूळ आणि रसायनं रोजची. झेपत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता पालकांशी. ‘आमच्या सात पिढ्यांत कुणी रंधा धरला नाही,’ हे वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. ही काळजी नाही, ही जात बोलते. काळजी असेल तर विचारा: शिकवणार कोण? कमाई कधी सुरू होणार? तोवर घर किती वर्षं सांभाळू शकेल? मुलाला नको असलेल्या शाखेचं डोनेशन भरताना मात्र यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि हा लेख वाचून उद्याच पोराच्या हातात पटाशी देऊ नका. आधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर नाही.