कुंडींतील झाडांच्या पानांच्या कडा कां करपतात ?

ओसरीवर शोभेसाठीं ठेविलेल्या हंसराज, मारांटा, कॅलेथिया या झाडांच्या पानांच्या कडा फाल्गुनापासून तपकिरी होऊं लागतात. पाहणारा म्हणतो, झाड तहानलें. आणि आणखी एक तांब्या पाणी ओततो. हीच चूक प्रस्तुत लेखकानें केली व मुळें कुजून एक जुनें झाड गमावलें. बागाईत जमिनीवर पांढरें कसें फुटतें हें पाहिलेल्या शेतकऱ्यास तरी या विकाराचें मर्म समजण्यास अडचण पडूं नये.

मारांटा ही आपल्या आरारुटाची बहीण. शोभेच्या जातीचें मूळस्थान ब्राझीलमधील रानाची सावली. तेथील हवा ओली. उलट देशावर चैत्र-वैशाखांत दुपारची आर्द्रता पुष्कळदां शेंकडा ३० च्याही खालीं उतरते. पानांतून उडणारें पाणी मुळांनीं पुरवावयाचें. पुरवठा अपुरा पडला कीं सर्वांत दूरची कड आधीं वाळते. परंतु उडतें तें केवळ पाणी. त्यांतील क्षार मागें राहून पाण्याची वाट जेथें संपते त्या टोंकांस व कडांस सांचतात. म्हणून विहिरीचें पाणी मचूळ असल्यास कोरड्या हवेचा घाव अधिकच खोल लागतो.

केवळ हवेचा दोष असेल तर पावसाळ्यांत येणारें पान निर्मळ निघतें. क्षारांचा असेल तर ओसरीवरील कुंडीस तेंच पाणी चालू असेपर्यंत पावसाळ्यांतही कडा करपतात, व मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरील अंगास पांढरी पूड दिसते. पान मऊ पडून काळवंडलें व मातीस कुबट वास आला, तर मात्र पाणीच अधिक झालें.

क्षार असल्यास वरची पांढरी माती खरवडून काढावी. नंतर कुंडींत मावेल त्याच्या दुप्पट गोडें पाणी हळूहळू घालून तळाच्या भोंकांतून वाहूं द्यावें. खालच्या ताटलींतील पाणी फेकावें, नाहीं तर धुतलेला क्षार पुन्हां वर चढतो. याकरितां पागोळ्यांचें पाणी रांजणांत झांकून ठेवावें. पाणी उकळल्यानें मीठ जात नाहीं. उन्हाळ्यांत रासायनिक खत बंद ठेवावें. पानांवर पाणी शिंपडण्याची पुष्कळांस हौस असते. त्याचा गुण घटकाभरही टिकत नाहीं. त्यापेक्षां कुंड्या दाटीनें एकत्र मांडून उन्हाच्या वाऱ्यास ओल्या गोणपाटाचा आडोसा करावा.

करपलेली कड पुन्हां हिरवी होत नाहीं. ती कापणें झाल्यास तपकिरी रेघ राखूनच कापावी, हिरव्या भागास कात्री लावूं नये. गुण आला कीं नाहीं हें पुढें उलगडणाऱ्या पानावरून पाहावें.