चार्जर बंद करून झोप

ओझर, रविवार

चि. बाळास,

परवा सिन्नरच्या लग्नात पंगतीला माझ्या शेजारी तुझ्या खोलीतल्या मित्राचे वडील बसले होते. कोण, कुठले अशी विचारपूस झाली आणि ते तुझं कौतुकच करायला लागले. तुमचा भाचा विमानं बनवतो, खोलीभर फोम बोर्डाचे तुकडे, कॉटखाली चार्जर. रात्री बॅटरी लावून झोपतो आणि उजाडलं की मैदान गाठतो. एक बॅटरी पुरीसारखी फुगली होती, तिला चिकटपट्टीचे वेढे देऊन अजून वापरतोय म्हणाले. ते हसत सांगत होते. मला पुढचं जेवण गेलं नाही.

हे खरं आहे का? फोन केला असता तर तू "नाही हो मामा" म्हणाला असतास आणि मी ते ऐकून घेतलं असतं. म्हणून लिहितोय.

तुझ्या लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीतलं द्रावण पेट घेणारं असतं. सेलला मार बसला, तो जास्त चार्ज झाला किंवा पार उतरवला गेला, की आत वायू धरतो. म्हणून तो फुगतो. पुढे आतले थर एकमेकांना टेकले की उष्णता आपली आपण वाढत जाते, एका सेलवरून दुसऱ्यावर जाते. आतून ऑक्सिजनही सुटतो, त्यामुळे वर पांघरूण टाकून ती आग विझत नाही. तुझी 2200 एमएएचची तीन सेलची बॅटरी हातात घेतली तर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, पण खोली धुराने भरायला तेवढी पुरते. तिच्या डोक्यावर तुझी गादी, आणि शेजारी बोर्डाचा गठ्ठा. त्या बोर्डाच्या दोन कागदांमध्ये पॉलिस्टायरीन असतं, थर्माकोलच्याच जातीचं. ते पेटलं की काळा धूर होतो, आणि झोपेतल्या माणसाला असा धूर उठूच देत नाही.

तुझ्या आईच्या भाजलेल्या डाव्या हाताबद्दल मी काही लिहीत नाही. त्या रात्री मी घरात होतो, आणि तू ते सगळं आजीकडून ऐकलेलं आहेस.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करकरून पाहिले. काम चांगलं आहे, हे आधीच म्हणायला हवं होतं. एक मीटरचा पंख, 20 सेंटिमीटर रुंदी, सगळं मिळून 700 ग्रॅम. म्हणजे चौरस डेसिमीटरला 35 ग्रॅम. पहिल्या स्वतःच्या विमानाला एवढं ओझं योग्य आहे. घडीच्या जागी आतला कागद सोलून बाहेरचा राखलास, तेही बरोबर. बोर्डाची सगळी ताकद त्या कागदांत असते. मधला फोम त्यांना नुसता एकमेकांपासून लांब धरतो. खऱ्या विमानात हनीकोंबच्या दोन्ही अंगांना पातळ पत्रा चिकटवतात त्यातलं तत्त्व हेच. सर्व्होपासून शेपटीपर्यंत सायकलचा आरा घातलेला पाहून तर मला फार बरं वाटलं. पंख रबरबँडने बांधलास, म्हणजे आपटल्यावर तो मोडण्याऐवजी सुटून बाजूला पडेल. फक्त सांगलीच्या पावसाळ्यात कागद ओल धरून सुटेल, तेव्हा खालच्या बाजूला पॅकिंगची रुंद चिकटपट्टी ओढून घे. ग्लू गन मात्र आवर. शेपटीकडे गोंदाचे एवढे ढीग नकोत. तिथल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात तीन-चार ग्रॅम घालावे लागतात.

आणि तोल चुकलाय. फेकल्याबरोबर नाक वर करतं आणि एका अंगावर कोसळतं असं तू लिहिलं होतंस, ते मागे वजन झाल्याचं लक्षण आहे. फोटोत बॅटरी पंखाच्या पार मागच्या कडेला दिसते. 20 सेंटिमीटरच्या सरळ पंखाला तोल पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटरवर यायला हवा. तिथे पंखाखाली दोन बोटं धर. विमान सपाट किंवा नाक किंचित झुकवून राहिलं पाहिजे. शिसं चिकटवत बसू नकोस, बॅटरीच पुढे सरकव.

पण ती पुढे सरकली की नाकावर पडताना पहिला मार तिलाच बसणार. अशी आपटलेली बॅटरी दिसायला धडधाकट असते आणि आतून कुठेतरी दबलेली असते. तीच तू रात्री कॉटखाली लावतोस. बाळा, मला झोप का येत नाही ते आता कळलं असेल.

उडवताना माणसांच्या डोक्यावरून नेऊ नकोस, हे तुला सांगावं लागू नये. 8 इंची प्रॉपेलर मिनिटाला 9000 फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळ जातो. क्रिकेट चालू असलेल्या मैदानावर तो नको. आणि टेबलावर मोटर तपासायची असेल तेव्हा प्रॉपेलर काढून ठेव.

मी एवढं बोलतोय त्याला कारण आहे. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी बालसाची ग्लायडर केली होती, हे तुला माहीत आहे. त्याच दिवसांत एक वही होती माझ्याकडे. तिच्यात मी माझं स्वतःचं विमान काढलं होतं, फासळ्यांसकट, इंजिनाच्या बैठकीसकट. इंजिन विकत घेण्याइतके पैसे घरात नव्हते आणि मी मागितलेही नाहीत. मग कारखान्यात लागलो. पुढची सगळी वर्षं मिगवर रिव्हेट मारले. ते काम मी मान ताठ ठेवून केलं, पण नकाशे रशियातून आलेले होते. रेघ दुसऱ्याची, आम्ही ती मिलिमीटरभर न हलू देता गिरवायची. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ झाला तो मी टीव्हीवर पाहिला. मामीने विचारलं, डोळ्यांत पाणी का? मी म्हटलं, मिगसाठी. थोडं त्या वहीसाठीही होतं. वही कुठे गेली आठवत नाही. माझ्या हातच्या रेघेचं एकही विमान हवेत गेलं नाही, आणि आता कागदावर सरळ रेघ ओढायलाही हात स्थिर राहत नाही.

तुझ्या फोटोत बोर्डावर पेन्सिलच्या रेघा दिसतात. एक खोडून दुसरी मारलेली. त्या मी किती वेळ बघत बसलो होतो.

तेव्हा बंद कर असं मी म्हणणार नाही. राइट बंधूंचे वडील मिल्टन राइट पाद्री होते. 1878 साली त्यांनीच बांबू, बूच आणि कागदाचं, रबरावर उडणारं खेळणं पोरांना आणून दिलं होतं. पुढे पोरं खरंच उडायला लागली तेव्हा त्यांनी एकच शब्द घेतला, दोघांनी एका विमानात बसायचं नाही. एका अपघातात दोघंही जातील ही धास्ती. तो शब्द त्यांनी एकदाच मोडू दिला, 25 मे 1910 ला, सहा मिनिटांसाठी. आणि त्याच दिवशी 81 वर्षांचे मिल्टन स्वतः ऑर्व्हिलबरोबर विमानात बसले. त्या म्हाताऱ्याने पोरांचं उडणं थांबवलं नव्हतं. मीही एवढंच मागतोय.

फुगलेली बॅटरी आज काढ. खोलीत ठेवू नकोस. उघड्यावर 12 व्होल्टचा छोटा बल्ब लावून सावकाश पूर्ण उतरव आणि ई-कचरा घेणाऱ्याला दे. उशाशी किंवा कचऱ्याच्या डब्यात नको. चांगली असेल ती मातीच्या कुंडीत, फरशीवर, बॅलन्स केबल जोडून 2.2 अँपिअरने चार्ज कर. तासाभराचं काम आहे. तेवढा वेळ पुस्तक घेऊन तिथेच बस. सेलला 4.2 व्होल्ट झाले की काढ. आठवडाभर उडवणार नसशील तर 3.8 वर ठेव. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच लावू नकोस. आपटलेली बॅटरी तासभर बाहेर ठेवून बघ, कोमट लागली किंवा गोडसर वास आला तर तिचा मोह सोड. आणि झोपण्याआधी चार्जरचा प्लग काढ. स्विच बंद करून भागणार नाही, प्लगच काढ. मला रोज रात्री "काढला" एवढा एक शब्द पाठव. महिनाभर पाठव, मग सवय होईल तुला. मलाही.

तुझ्या खात्यावर पैसे टाकले आहेत. त्यातून नवी बॅटरी आणि चांगला चार्जर घे, जुनी वाचवायला जाऊ नकोस. उरले तर बोर्ड आण. हिशेब नको. तुझ्या आईला मी यातलं काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही, तूही बोलू नकोस. रागावलो असेन तर ते वाचून विसर. लग्नातून आल्यापासून कोणाशी बोलायचं कळत नव्हतं, ते सगळं तुझ्यावर निघालं.

दिवाळीला येशील तेव्हा विमान घेऊन ये. पंख सुटा करून खोक्यात घातलास तर एसटीत वरच्या फळीवर मावेल. टाउनशिपच्या मागे उडवायचं नाही, इथे विमानतळ जवळ आहे. आपण सिन्नरकडच्या आत्याच्या माळावर जाऊ. तिथे उडवायला मुभा आहे का, ते आधी तू डिजिटल स्कायच्या नकाशावर बघून ठेव. मामी चकल्या बांधून देईल, दिवसभर थांबू. ट्रान्समीटर तुझ्याच हातात असू दे, मला तो जमणार नाही. पण पहिल्यांदा हवेत सोडताना मला फेकू दे. खांदा अजून चांगला आहे माझा.

तुझा,
मामा