बंधारा, भाकरी आणि बिलं

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, हा तिचा साधा हिशेब. माणदेशातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. तासांची नोंद रजिस्टरात राहिली. माणसं एकमेकांच्या जवळ कशी येतात, याबद्दल मात्र माझी काही मतं पक्की झाली.

१. काम खरं हवं. पाहुण्यांच्या हस्ते कुदळ मारून फोटोपुरता खणलेला खड्डा मुलांना लगेच ओळखू येतो. वनराई बंधाऱ्याचं तसं नाही. ओढ्याला धार आहे तोवरच तो घालावा लागतो. उशीर झाला तर अडवायला पाणी उरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, सांधे मोडत थर लावायचे. गोणी गच्च भरली तर उचलत नाही आणि नीट बसतही नाही, हे पहिल्या तासातच कळतं. मग साखळी करावी लागते, आणि साखळीत शेजारच्याशी बोलावंच लागतं. २०१६ मध्ये कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई तालुक्यांत पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, झाला. तेव्हा शिवारात एकत्र राबणारी गावं पाहून माझं मत आणखी घट्ट झालं. ओळख वाढवण्याचे खेळ मी शिबिरातून काढूनच टाकले.

२. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. जिवलग मैत्रिणी रुसतात. रुसू द्यावं.

३. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, मुलांना आधी. आचारी लावला की शिबिराचा अर्धा जीव जातो. आमच्याकडे ऊसतोड कुटुंबांतली मुलं असायची. आईबाप दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे गेले की मागे राहिलेलं पोर धाकट्यांसाठी चूल पेटवतं. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारा असाच एक मुलगा एकदा परातीपुढे बसला. त्याची भाकरी टम्म फुगली, इतरांच्या तव्यावर नकाशे. सायन्सची हुशार पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसली. ‘‘अरे, पाणी गरम घे की, पीठ जुनं हाय,’’ असं तो त्यांना दरडावत होता. शिबिरानंतर वर्गात त्याची जागा बदलली. मी बदलली नव्हती. पोरांनीच त्याला पुढे ओढला.

४. ऑफिसच्या माणसांना समारोपाच्या जेवणापुरतं बोलावू नये, कामाला बोलवावं. आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांशी माझा संबंध बिलांपुरता, म्हणजे भांडणाचाच. गावातल्या म्हाताऱ्या बाईकडून घेतलेल्या मेथीची पक्की पावती आणायची कुठून? एका वर्षी ते दोन दिवस मुक्कामाला राहिले आणि भाजी आणायला स्वतःच गेले. परत आल्यावर म्हणाले, ‘‘सर, व्हाउचरवर तिचा अंगठा घेतलाय. चालवू आपण.’’ त्यानंतर भांडणं थांबली असं नाही, पण मग ती चहा पिता पिता व्हायची.

५. रात्रीच्या बैठकीत माइक नको. आणि नियम एकच: स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्याने काय केलं ते सांगायचं. पहिल्या रात्री शुकशुकाट असतो, कारण कुणी कुणाकडे पाहिलेलंच नसतं. तिसऱ्या रात्रीपासून दिवे बंद करायला सांगावं लागतं. (बौद्धिकाच्या वक्त्यांना मात्र हा नियम लागू करणं मला कधीच जमलं नाही.)

६. जे येऊ शकत नाहीत, त्यांचा विचार आधी करावा. काही मुलींना घरून मुक्कामाची परवानगी मिळत नाही. त्यांना ‘दिवसा येऊन जा’ एवढंच सांगितलं, तर त्या पाहुण्याच राहतात. म्हणून बंधाऱ्याचं मोजमाप आणि सामानाची वही मी त्यांच्याकडे द्यायचो. त्या आल्याशिवाय सकाळचं काम सुरूच होत नसे.

७. निरोपसमारंभावर जास्त जीव लावू नये. पुढचं काम ठरवून उठावं. वनराई बंधारा कच्चा, पावसाळ्यातल्या पुरात तो वाहून जातो आणि पुढच्या वर्षी नव्याने घालावा लागतो. इंजिनिअर लोकांना हा दोष वाटतो. मला तो फार सोयीचा वाटला. पुण्या-चाकणला कामाला लागलेली जुनी पोरं त्या निमित्ताने एखाद्या रविवारी येतात, येताना बांधकामांवरच्या रिकाम्या गोण्या गोळा करून आणतात आणि नव्या पोरांना गोणी किती भरायची यावरून शिव्या घालतात.