काचेच्या जुन्या मत्स्यपेटीच्या गळक्या सांध्यांची दुरुस्ती

पावसाळ्यांत हौद, रांजण, गुरांच्या पाण्याचीं टांकीं व पंपाजवळचीं डबकीं यांतून डांसांची पैदास वाढते, हें वाचकांस सांगावयास नको. डेंग्यू पसरविणारा डांस तर घराजवळच्या सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांतच अंडीं घालतो. अशा सांठ्यांत गप्पी मासे सोडले असतां ते डांसांच्या अळ्या खाऊन टाकितात. हा मासा अंडीं न घालतां जिवंत पिल्लें देतो व मादी सुमारें दर चार आठवड्यांनीं पिल्लें देते. म्हणून एक काचेची पेटी नीट संभाळली, तर साऱ्या वाडीच्या हौदांस पुरतील इतके मासे घरच्या घरीं तयार होतात.

अशी पेटी बहुधा जुनीच हातीं येते. शहरांतल्या नातलगानें टाकून दिलेली किंवा शाळेच्या अडगळींत पडलेली पेटी घरीं आणावी, पाणी भरावें, आणि दुसऱ्या दिवशीं खालीं थारोळें दिसावें, असा अनुभव पुष्कळांचा आहे. ती मोडींत घालावी कीं दुरुस्त करावी, आणि करावयाची तर कशी, याचा विचार या पाठांत केला आहे.

सांध्यांची रचना

फार जुन्या पेट्यांस लोखंडी चौकट असे व काचा लुकणानें बसवीत. हें लुकण खडूची भुकटी व जवसाचें तेल यांचें केलेलें असे. पेटी कोरडी पडली कीं तें वाळून भेगाळतें. १९६० नंतरच्या दशकांत सिलिकोन नांवाचें रबरासारखें चिकटद्रव्य प्रचारांत आलें आणि चौकटीची गरज उरली नाहीं. आजच्या बहुतेक पेट्या अशाच आहेत.

सिलिकोनच्या पेटींत दोन निरनिराळे भाग असतात. दोन काचांच्या कडांमध्यें जो पातळ थर असतो तो मूळ सांधा. पाण्याचा सारा भार तोच धरतो. आंतल्या कोपऱ्यांतून फिरविलेली जाड रेघ ती आंतील पट्टी. मूळ सांध्यापर्यंत पाणी पोंचूं न देणें हें तिचें काम. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं दोहोंपैकीं काय बिघडलें आहे हें ओळखलें पाहिजे. केवळ पट्टी सुटली असेल तर काम एका दिवसाचें आहे. मूळ सांधाच सुटला असेल तर पेटी उकलून पुन्हां जोडावी लागते.

पाण्याचा रेटा

पेटी ९० सेंटिमीटर लांब, ३८ रुंद व ४५ उंच आहे असें समजूं. तींत सुमारें १५४ लिटर, म्हणजे १५४ किलो पाणी मावतें. कांठोकांठ भरल्यास समोरच्या एका लांब काचेवर बाहेरच्या दिशेनें पडणारा एकूण रेटा सुमारें ९१ किलो होतो. पेटी निम्मीच भरली तर हा रेटा निम्मा होत नाहीं. तो चौथाईवर, म्हणजे सुमारें २३ किलोवर येतो. खोलीबरोबर रेटा किती झपाट्यानें वाढतो हें यावरून ध्यानीं येईल. निम्म्या पाण्यांत न गळणारी पेटी भरल्यावर कां फुटते याचें कारण हेंच, आणि दुरुस्तीनंतर पाणी टप्प्याटप्प्यानें कां भरावें याचेंही तेंच.

पेटीची परीक्षा

पेटी रिकामी करून उजेडांत धरावी व बाहेरून प्रत्येक मूळ सांधा पाहावा. थर सर्वत्र सारखा व नितळ दिसला तर तो शाबूत आहे. त्यांत पांढुरक्या रेषा, बुडबुडे किंवा चकाकणारे पापुद्रे कडेपासून आंत शिरलेले दिसले, तर काच सुटूं लागली आहे असें समजावें. नंतर आंतील पट्टी नखानें उचकून पाहावी. ती सहज उकलत असेल तर निकामी झाली. काचेस चीर असेल, किंवा ४५ सेंटिमीटर उंचीच्या पेटीची काच ६ मिलिमीटरहून पातळ असेल, तर दुरुस्तीच्या नादास न लागणें बरें.

पाणी जेथें बाहेर दिसतें तेथेंच तें शिरलें असें मात्र मानूं नये. बांधाच्या पायथ्याशीं पाझर दिसतो, पण उंदराचें बीळ असतें दुसरीकडेच. तसेंच पाणी एका कोपऱ्यांत शिरून सांध्यांतून वाट काढीत दुसऱ्या कोपऱ्यांत ठिबकतें. म्हणून एवढ्याच जागेवर ठिगळ न लावतां आंतील पट्टी सर्व कोपऱ्यांतून काढून नवी घालावी.

प्रस्तुत लेखकानें पहिल्या खेपेस हा नियम मोडला. जुन्या पट्टीवरच नवें सिलिकोन फांसलें, आणि तेंही न्हाणीघराच्या फरशीसाठीं आणलेलें. आठ दिवसांत पट्टी साल निघावी तशी निघाली. त्यापूर्वींच पेटींतील निम्मे मासे मेले होते. दोन्ही चुकांचीं कारणें पुढें दिलीं आहेत.

साहित्य

सिलिकोन घेतांना तें निव्वळ सिलिकोन असून मत्स्यपेटीस योग्य आहे, असें वेष्टनावर लिहिलेलें पाहावें. बुरशी न धरणारें म्हणून जें विकतात त्यांत बुरशीनाशक औषध असतें व तें माशांस घातक आहे. मत्स्यपेटीचें सिलिकोन बहुधा वाळतांना व्हिनेगरसारखा आंबूस वास देतें. याखेरीज दाढीचीं नवीं पातीं व त्यांस मूठ, कागदी चिकटपट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोन, स्वच्छ फडकीं, जाड हातमोजे व सिलिकोन दाबून काढावयाची बंदूक इतकें पुरे. अल्कोहोल व ॲसिटोन लवकर पेट घेतात, म्हणून चुलीपासून दूर, मोकळ्या हवेंत काम करावें.

कृति

१. मासे त्यांच्याच पाण्यासह दुसऱ्या भांड्यांत काढावे. तळची वाळू व गाळणीचा स्पंज त्याच पाण्यांत ओले ठेवावे. पाणी शुद्ध राखणारे सूक्ष्म जंतु त्यांवर वाढलेले असतात. पाणी असतांना पेटी कधींही उचलूं नये.

२. पातें काचेस जवळजवळ समांतर धरून पट्टी कापून काढावी. पातें दोन काचांमधील मूळ सांध्यांत शिरूं देऊं नये. डोळ्यांस न दिसणारा पापुद्राही बोटास रबरासारखा लागतो. तो पुन्हां खरवडावा. नवें सिलिकोन काचेस घट्ट धरतें, पण वाळलेल्या जुन्या सिलिकोनला नीट धरीत नाहीं. लेखकाची पहिली चूक हीच.

३. काचेवर क्षारांचे पांढरे डाग असल्यास व्हिनेगरनें काढून पाण्यानें धुवावे व पेटी पूर्ण वाळवावी. मग फडक्यावर अल्कोहोल घेऊन कोपरे पुसावे व त्यानंतर तेथें बोट लावूं नये. हाताचा तेलकटपणाही सांधा बिघडवितो.

४. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंस ६ ते ८ मिलिमीटर जागा सोडून कागदी चिकटपट्टी लावावी.

५. तळाच्या चार व उभ्या चार कोपऱ्यांत सिलिकोनची अखंड रेघ ओढावी, लगेच बोटानें एका दमांत दाबून गुळगुळीत करावी व साय धरण्यापूर्वीं चिकटपट्टी ओढून काढावी. साय पांच ते दहा मिनिटांत धरते, म्हणून हाताशीं एक माणूस असावा.

६. सिलिकोन हवेंतील ओलाव्यानें बाहेरून आंत वाळत जातें. दिवसास दोन-तीन मिलिमीटर हा सुमार धरावा. कमींत कमी तीन दिवस, व थंड कोरड्या हवेंत आठवडाभर, पेटीस पाणी लावूं नये. आंबूस वास येत आहे तोंवर काम अपुरें आहे असें समजावें.

मूळ सांधा सुटला असेल तर काचा पातळ तारेनें वा पात्यानें वेगळ्या करून सर्व कडा वरीलप्रमाणें स्वच्छ कराव्या. मग तळाच्या काचेवर प्रथम मागची, नंतर दोन्ही बाजूंच्या व शेवटीं समोरची काच बसवावी. थर सुमारें एक मिलिमीटर राहील इतकेंच दाबावें. सारें सिलिकोन बाहेर निघेल असें दाबल्यास सांधा दुर्बल होतो. हें काम एकट्यानें करूं नये.

लोखंडी चौकटीच्या पेटीविषयीं एक इशारा. जुन्या लुकणांत कधीं कधीं शेंदूर, म्हणजे शिशाचें द्रव्य, घातलेलें असे. तें कोरडें घांसून धूळ उडवूं नये. ओलें करून, हातमोजे घालून काढावें व गुरें-मुलें जेथें फिरतात तेथें टाकूं नये.

कसोटी

पेटी अंगणांत सपाट फळीवर ठेवावी. खालीं थर्माकोलचा पत्रा व भोंवतीं कोरडीं वर्तमानपत्रें पसरावीं. पहिल्या दिवशीं चौथाई, दुसऱ्या दिवशीं निम्मी, तिसऱ्या दिवशीं पाऊण व मग पूर्ण भरावी. दर वेळीं पाण्याच्या रेषेवर खूण करावी. शेजारीं तितक्याच खोल पाण्याची बादली ठेवावी. दोहोंतील पाणी सारखेंच उतरलें तर तें वाफ होऊन गेलें. पेटींतील अधिक उतरलें तर गळती आहे. थंड पाण्यामुळें काचेवर बाहेरून दंव जमतें. त्यास गळती समजूं नये. कागद ओला झाला तर पाणी काढून, वाळवून, तो भाग पुन्हां करावा. भरल्या पेटीस बाहेरून सिलिकोन फांसण्याचा मोह टाळावा.

कसोटीस उतरलेल्या पेटींतील पाणी ओतून टाकावें व नवें भरावें. जुनी वाळू व स्पंज परत घालून प्रथम दोन-तीनच मासे सोडावे. दोन दिवस ते खेळते राहिले कीं बाकीचे सोडावे.

गप्पी मासे हौद, रांजण व बंद टांक्यांतच सोडावे. ते ओढ्यांत वा नदींत सोडूं नयेत, कारण परका मासा आपल्याकडील लहान देशी माशांस भारी पडतो. भरलेली पेटी फुटल्यास काचेचे तुकडे घरभर पसरतात व घरांत लहान मुलें असतात, ही गोष्ट मनांत ठेवून, ज्या सांध्याविषयीं शंका उरली असेल त्या पेटींत पाणी भरूं नये. अशी पेटी बी रुजवून पाहण्यास किंवा रोपें झांकण्यास उत्तम उपयोगीं पडते.