पहिली डिस्क गोल्फ स्पर्धा: शार्लटच्या मराठी घरांतून

बॅलंटाइन, मॅथ्यूज, हंटर्सव्हिल आणि राज्याची हद्द ओलांडली की लागणारं फोर्ट मिल, या पट्ट्यात बरीच वर्षं राहिलेल्या काही मराठी कुटुंबांशी बोलून ही टिपणं केली आहेत. यातले कोणी डिस्क गोल्फचे पट्टीचे खेळाडू नाहीत. कोणी नवरा-बायको मिळून खेळतात, कोणाचा मुलगा खेळतो आणि आईबाबा पिशवी ओढत मागून चालतात. बारीकसारीक बाबतींत त्यांची मतं जुळत नाहीत, पण एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली: पहिल्या स्पर्धेत नवखा माणूस डिस्क जवळ पडते म्हणून अडत नाही. कुठे उभं राहायचं, कधी बोलायचं, किती मोजायचं, हे ठाऊक नसल्यामुळे अडतो. तयारी त्याची करावी.

शार्लटमध्ये आला असाल तर खेळ शिकायला जागा उत्तम मिळाली आहे. हॉर्नेट्स नेस्ट, रेनेसान्स, नेव्हिन, किलबोर्न, एलॉन पार्क अशी मैदानं शहरातच आहेत. जा आणि खेळा, टेनिस क्लबसारखी वर्गणी लागत नाही. २०१२ची जागतिक स्पर्धा इथेच झाली आणि पॉल मॅकबेथचं पहिलं जागतिक विजेतेपदही इथलंच. दक्षिणेला रॉक हिलच्या विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९पासून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा भरत आली आहे. ऑक्टोबरात ती बघायला जरूर जा. पाण्याच्या कडेने आखलेल्या हद्दीच्या दोरांपाशी व्यावसायिक खेळाडूसुद्धा कसे घुटमळतात ते पाहिलं की स्वतःच्या चुकांबद्दल जरा दयाबुद्धी येते. आजच्या रूपातला खेळ कॅलिफोर्नियाचा. एड हेड्रिक यांनी १९७५मध्ये ओक ग्रोव्ह पार्कात पहिलं मैदान आखलं, साखळ्यांची बास्केटही त्यांचीच, आणि १९७६मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या पीडीजीए या संघटनेत सभासद क्रमांक एकही तेच.

नाव कुठल्या गटात घालायचं

सुरुवात सी-टिअर स्पर्धेने करावी. ही सगळ्यात खालची पायरी. संघटनेचं सभासदत्व नसलं तरी थोडं जादा शुल्क भरून खेळता येतं. त्याही आधी आठवड्याच्या संध्याकाळी चालणाऱ्या लीगमध्ये चार-सहा वेळा जाऊन या, असं फोर्ट मिलच्या एका काकांचं आग्रहाचं म्हणणं आहे. लीगमध्ये नियम तेच असतात, माणसं मात्र निवांत असतात आणि शंका विचारल्या की हौसेने सांगतात.

हौशी खेळाडूंचे गट रेटिंगवर, म्हणजे संघटनेने गुणांवरून काढलेल्या आकड्यावर, ठरतात. ८५०च्या खाली नोव्हिस, ९००च्या खाली रिक्रिएशनल, ९३५च्या खाली इंटरमीजिएट. तुमचं रेटिंग अजून झालेलंच नसतं, तेव्हा निवड तुमच्यावर. इथे आपली माणसं हमखास चुकतात. कचेरीत पंधरा जणांची टीम सांभाळणाऱ्या माणसाला 'नोव्हिस'वर खूण करायला जड जातं, मग तो वरच्या गटात जातो आणि दिवसभर लांबच्या टीवरून (पहिली फेक जिथून करायची ती जागा) झाडं मोजतो. नोव्हिसमध्ये बहुधा टी जवळची असते आणि सोबतचे लोकही तुमच्यासारखेच चाचपडत असतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. 'चाळीसच्या वरचे' हा गट नावावरून सोपा वाटतो, पण त्याला रेटिंगची वरची मर्यादा नाही; वीस-वीस वर्षं खेळलेले मुरब्बी लोक त्यात असतात. बायकांच्या गटात नावं कमी आली असतील तर बाईला नोव्हिससारख्या मिश्र गटात खेळता येतं, कारण ते गट सर्वांना खुले असतात. मॅथ्यूजच्या एक ताई तशाच खेळल्या. चार तास पुरुषांच्या सोबतीत जाणार म्हणून जी धास्ती होती ती तिसऱ्या बास्केटपर्यंत गेली, असं त्या सांगतात.

तीन डिस्क पुरतात

दुकानात गेलात की भिंतभर रंग दिसतात आणि प्रत्येक डिस्कवर चार आकडे: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. पहिला आकडा बारा-तेरा असलेली डिस्क नवख्याने घेऊ नये. तेवढ्या जोराने ती फेकली नाही तर ती सरळ जातच नाही, उजव्या हाताच्या बॅकहँडवर लगेच डावीकडे कोसळते. एक पटर, पाच वेगाची एक मिडरेंज, सात वेगाचा एक फेअरवे ड्रायव्हर, एवढ्यावर पहिली स्पर्धा आरामात होते. वजन दीडशे ते एकशे साठ ग्रॅमच्या आसपास ठेवा. जुन्या डिस्कांचा खोका दुकानात असतोच, त्यातून घेतलेली बरी. तळ्यात गेली तरी जीव तुटत नाही.

शार्लटची मैदानं बहुतेक जंगलातली. पाइनच्या खोडांमधल्या चिंचोळ्या वाटेतून दोनशे फूट सरळ जाणारी फेक इथे तीनशे फूट उजवी-डावी भटकणाऱ्या फेकीपेक्षा कितीतरी मोलाची. लहानपणी क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून कोपर खाली ठेवून आडवा थ्रो मारायची सवय असेल, तर फोरहँड तुम्हाला लवकर जमेल; मनगटाचा झटका तसाच आहे. मात्र हंटर्सव्हिलचे एक गृहस्थ बजावतात की खांद्याने जोर लावलात तर दुसऱ्या फेरीत कोपर बोलायला लागतं. सरावाचा निम्मा वेळ पटिंगला, म्हणजे बास्केटजवळच्या शेवटच्या फेकीला, द्या. बास्केटपासून पंधरा-वीस फुटांवरून रोज थोडे पट मारले की गुण झपाट्याने सुधारतात. समोरून वारा असला तर डिस्क नेहमीपेक्षा जास्त उलटते, पाठीमागून असला तर लवकर खाली येते. तूर्त इतकं पुरे.

प्रत्येक डिस्कवर मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. आडनाव लांबलचक असेल तर नुसतं पहिलं नाव चालेल, नंबर मात्र सुवाच्य हवा. इथे हरवलेली डिस्क सापडली की अनोळखी माणूस खरोखरच मेसेज करतो.

पिशवीत काय

कॅरोलायनाची लाल चिकणमाती पावसानंतर साबणासारखी होते. कोकणात वाढलेले लोकही टीवर घसरलेले पाहिले आहेत. खडबडीत तळव्याचे बूट, जादा मोज्यांचा जोड आणि दोन टॉवेल. उन्हाळ्यात घामाने डिस्क हातातून निसटते, म्हणून एक टॉवेल कोरडाच ठेवायचा. झाडीत डिस्क शोधायला शिरताना तीन-तीन पानांचा पॉयझन आयव्हीचा वेल ओळखायला शिका, घरी आल्यावर गोचिडांसाठी अंग तपासा, पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. कॉपरहेड साप इथे असतात आणि ते पानांच्याच रंगाचे असतात. जून ते ऑगस्ट दुपारी गडगडाट ठरलेला. भोंगा वाजला की खेळ थांबतो, तेव्हा झाडाखाली उभं राहू नका, गाडी गाठा.

खाण्याबद्दल दोन पक्ष आहेत. एका घरी चिवड्याशिवाय पान हलत नाही, पण तेलकट बोटांनी पट मारता येत नाही हे दुसऱ्या घराचं म्हणणं मला पटतं. चिक्की, केळी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. बिअरचा डबा मित्रांबरोबरच्या रविवारच्या खेळात दिसेल, स्पर्धेच्या फेरीत मद्य चालत नाही.

कार्डवर

खेळाडूंची चार-पाच जणांची तुकडी असते, तिला 'कार्ड' म्हणतात. शॉटगन सुरुवात असेल तर सगळी कार्डं एकाच वेळी वेगवेगळ्या टीवरून निघतात. म्हणजे तुमचं कार्ड चौदाव्या टीवर असेल तर पार्किंगपासून तिथवर चालायला वेळ लागतो आणि मैदान ओळखीचं नसेल तर वाट चुकते. पोचायला उशीर झाला तर हुकलेल्या प्रत्येक होलला पार (त्या होलला अपेक्षित फेकी) अधिक चार असा गुण लिहिला जातो. आपलं 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' इथे महागात पडतं. सकाळच्या सभेला हजर राहा. कुठला ओढा हद्दीबाहेर, कुठे बास्केट हलवली आहे, हे स्पर्धेचे संचालक तिथेच सांगतात.

टीवर मागच्या होलला ज्याने कमी फेकी घेतल्या तो आधी, नंतर बास्केटपासून जो लांब तो आधी. दुसरा फेकत असताना त्याच्या नजरेच्या टप्प्यात हलू नका. तुमची पाळी आल्यावर तीस सेकंद मिळतात. डिस्क पडली तिथे छोटी मार्कर डिस्क ठेवा आणि तिच्या मागे पाय रोवा. ती जागा वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल एवढीच धरली जाते. दहा मीटरच्या आत असाल तर पट मारल्यावर तोल सावरून दाखवायचा, मगच पुढे पाऊल. पट हुकला म्हणून वैतागून तिथूनच पुन्हा एकदा मारून बघणं हा सराव धरला जातो आणि त्याला एक दंडाची फेक आहे. डिस्क बास्केटच्या माथ्यावर जाऊन बसली तर कितीही कौतुक झालं तरी ती आत धरत नाहीत. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं, आणि शोधायला पूर्ण कार्डाने हातभार लावायचा असतो. ओढ्याकाठी रेषा स्वतः हद्दीबाहेर धरतात, पण डिस्कचा जरासा भागही रेषेच्या आतल्या बाजूला असला तर ती आतच; पूर्ण बाहेर गेली असेल तरच एक दंड.

आता सगळ्यांनी सर्वांत जास्त वेळ ज्यावर घालवला तो मुद्दा. इथे तुमच्या कार्डासोबत पंच नसतो. दंड खेळाडूच एकमेकांना सांगतात आणि स्वतःलाही लावून घेतात. आपल्याला दोन्ही जड जातं. समोरच्याचा पाय चुकलेला दिसतो, पण 'जाऊ दे, नवा माणूस आपण, कशाला वाईटपणा' म्हणून गप्प बसतो. आणि आपल्यालाच कोणी दंड सांगितला की तो मनाला लागतो, परदेशी आहोत म्हणून बोलला की काय असंही वाटून जातं. बॅलंटाइनच्या जोडप्याचा अनुभव उलटा आहे. त्यांना पहिला दंड सांगणाऱ्या गृहस्थांनीच दोन होल पुढे स्वतःचा दंड स्वतः सांगितला आणि तितक्याच कोरड्या आवाजात. इथे तो हिशेबाचा भाग आहे, अपमान नव्हे. पटत नसेल तर वाद घालू नका, 'प्रोव्हिजनल' म्हणून दोन्ही प्रकारे खेळा, दोन्ही गुण टिपा आणि फेरीनंतर संचालकांना विचारा. कार्डात बहुमत होत नसेल तर निर्णय फेकणाऱ्याच्या फायद्याचा धरतात, हेही माहीत असलेलं बरं.

होल संपला की आपला आकडा मोठ्याने सांगा, दंड धरून. 'फोर' म्हणाल तेव्हा चारच असले पाहिजेत. फेरीनंतर गुणपत्रक जमा करण्याआधी प्रत्येक होलचा आकडा तपासा, कारण चुकीचा गुण जमा झाला तर दोन फेकींचा दंड बसतो.

उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. त्यांना जरूर न्या. सावलीतली चाल त्यांनाही मानवते. पण आजोबांनी पिशवी उचलली की ते नियमांत कॅडी ठरतात आणि त्यांचं वागणं तुमच्या नावावर लागतं. दुसऱ्याचा पट चालू असताना पुण्याहून आलेला व्हिडिओ कॉल त्यांनी स्पीकरवर घेतला तर ताकीद तुम्हाला मिळेल. फोन गाडीत.

कोणाची डिस्क टीवरून एका फेकीत थेट आत गेली तर तिच्यावर सगळ्या कार्डाने सही करायची पद्धत आहे, म्हणून मार्कर पिशवीत असू द्या. फेरी संपल्यावर लगेच घराकडे वळू नका. हौशी गटांत बक्षीस रोख नसतं, दुकानात वापरायचं व्हाउचर किंवा डिस्क असते, आणि पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली असेल तर जादा होल खेळवतात. त्या वेळी तुम्ही हायवेवर असलात तर जागा गेली. दिवसभरात सापडलेल्या डिस्कांचा खोका बहुधा संचालकांच्या टेबलाजवळच असतो, निघण्याआधी त्यात आपलं नाव शोधा.