फोटो काढताना कड कापू नकोस

ईसीजीच्या खोलीत तुला आता आठवडा झाला ना? मग चहा घे आणि ऐक. चिमटे कुठे, छातीवरचे फुगे कुठे, हे तुला कोर्सला शिकवलंय. मला सांगायचंय ते बटणांचं.

कातडीवर मिळणारी हृदयाची वीज एखाद्या मिलिव्होल्टची. ती कागदावर किती उंच आणि किती पसरून दिसणार, ते आपण ठरवतो. नेहमीचा स्पीड सेकंदाला 25 मिलिमीटर, नेहमीचा गेन मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर. म्हणजे मोठा चौकोन 0.2 सेकंदांचा, छोटा 0.04 चा. डॉक्टर 300 ला मोठ्या चौकोनांनी भागून ठोके काढतात, ते याच हिशेबावर.

माझ्याकडून एकदा काय झालं, सांगते. एका बाईंची धडधड फार होती, म्हणून डॉक्टरांनी पट्टी पसरून मागितली. मी स्पीड 50 केला आणि परत 25 करायला विसरले. पुढचे काका पेरूच्या बागेतून थेट आलेले, पायाला चिखल. त्यांच्या दोन ठोक्यांत 8 मोठे चौकोन आले. म्हणजे मिनिटाला 37! सगळे घाबरले, गाडी बोलवायची भाषा सुरू झाली. डॉक्टरांनी मनगट धरलं तर नाडी 75. त्या क्षणी पोटात जे कालवलं ते अजून विसरले नाही. तेव्हापासून रुग्ण उठला की मी आधी स्पीड आणि गेन जागेवर आणते, मग चिमटे पुसते. तूही तसंच कर.

गेनचंही तसंच. लाटा फार उंच येऊन एकमेकींवर चढल्या तर 5 वर आण, अगदीच बुटक्या असतील तर 20 वर ने. काही यंत्रं ऑटोवर ठेवली की हे स्वतःच करतात, तेव्हा सुरुवातीचा चौकोनी खांब बघ. नेहमीच्या गेनला तो 10 मिलिमीटर उंच असतो. 5 दिसला तर सगळं अर्ध्यावर आलंय.

आता फिल्टर. इथे माझा थोडा हट्टच आहे. पट्टी स्वच्छ दिसावी म्हणून 40 हर्ट्झचा फिल्टर लावायचा मोह होतो. पण त्यात टोकं बोथट होतात, बारीक खाचा आणि पेसमेकरच्या रेघा पुसल्या जातात. बेसलाईन स्थिर करणारा फिल्टर जास्त ओढलास तर काही यंत्रांत एसटीचा भाग वरखाली सरकतो, आणि हार्ट अटॅक ओळखायचा तो त्याच भागावरून. थंडीत माणूस कुडकुडत असेल तर आधी पांघरूण घाल, हात सैल सोडायला सांग. आयाबायांना पदर नीट घेऊ दे, ओळखीचे दोन शब्द बोल. लाजेनं आखडलेलं अंगही रेघ थरथरवतं. जाड, एकसारखी थरथर दिसली तर आपल्या विजेचे 50 हर्ट्झ समज. अर्थिंग बघ, चार्जरला लावलेला मोबाईल दूर कर, जेली पुन्हा लाव. एवढं करूनही राहिली तरच फिल्टर, आणि कागदावर तसं दिसलं पाहिजे. यंत्र छापत नसेल तर पेनानं लिही.

हे लिहिणं का महत्त्वाचं? आपल्या राहात्यात काढलेली पट्टी लोणीला जाते, नाशिकला जाते. तिथल्या डॉक्टरांसमोर माणूस नसतो, यंत्र नसतं. फक्त कागद असतो. थर्मल कागद उन्हात, उष्णतेनं काळवंडतो, म्हणून लगेच झेरॉक्स काढ. आणि आजकाल आधी व्हॉट्सॲपवर फोटो जातो. फोटो छान दिसावा म्हणून लाटांपुरता कापतात, तेव्हा खालचे स्पीड, गेन, फिल्टरचे आकडे आणि तो चौकोनी खांब दोन्ही बाहेर राहतात. तू तसं करू नकोस, बाळा. चारही कडा आल्यात ना, बघ, आणि मगच पाठव.