महेश्वर कसे पाहावे

इंदूरच्या मराठी कुटुंबांत महेश्वरला न गेलेले माणूस क्वचितच सापडेल. पर्वणीचे स्नान, राजराजेश्वराचे दर्शन, घाटावर आणलेल्या डब्यांतील पुरी-भाजी, जमल्यास एखादी साडी आणि दिवेलागणीला परत, असा आपला ठरलेला क्रम असतो. त्यात वावगे काही नाही. परंतु अठ्ठावीस वर्षे जेथून एका मोठ्या राज्याचा कारभार चालला, ते गाव एवढ्यावर आटोपते घ्यावे हे आम्हांस पटत नाही. संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने महेश्वरची वाट, तेथील वाडा, घाट आणि माग यांकडे थोड्या अभ्यासू नजरेने पाहावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम वाट. इंदूरहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. बहुतेक मोटारी धामनोदवरून जातात आणि तो रस्ता सोयीचाही आहे. पण एकदा तरी महूवरून जामघाटाने उतरावे. माळव्याचे पठार जेथे संपते तेथे विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधविलेला दगडी दरवाजा उभा आहे. त्याच्या कमानीतून खाली पाहिले म्हणजे निमाडचा सखल, उष्ण मुलूख एकदम नजरेखाली येतो. माळवा आणि निमाड हे शब्द लहानपणापासून कानांवर असतात. त्यांतील फरक या दरवाज्यात उभे राहिल्यावाचून मुलांना समजावून सांगता येत नाही. येथून मंडलेश्वरमार्गे महेश्वर गाठावे. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. चैत्र-वैशाखात घाटाचा दगड अनवाणी पायांना सोसत नाही.

महेश्वर म्हणजेच पुराणांतील माहिष्मती, सहस्रार्जुनाची राजधानी, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. काही विद्वान ते स्थान ओंकार मांधात्याकडे नेतात. हा वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. राजराजेश्वराच्या मंदिरात अकरा अखंड दीप तेवतात, तेथे सहस्रार्जुनाचे स्मरण करून पुढे व्हावे.

आता वाडा. किल्ल्याच्या आत शिरल्यावर नवखा माणूस राजवाडा शोधू लागतो, आणि समोरची लाकडी खांबांची, कौलारू, बुटकी वास्तू पाहून थोडा हिरमुसतो. पुण्याकडचा एखादा बऱ्यापैकी खानदानी वाडा याहून मोठा असेल. अहिल्याबाईंची गादी याच वाड्यात होती. चौंडी येथे 1725 मध्ये जन्मलेल्या या बाईंचे पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात 1754 साली पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी आवरले आणि राज्यकारभाराचे धडे दिले. पुढे 1766 मध्ये मल्हारराव गेले, 1767 मध्ये पुत्र मालेराव गेला, आणि त्या वर्षापासून 13 ऑगस्ट 1795 रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी राज्य केले. फौज तुकोजीरावांकडे, दौलतीचा कारभार बाईंकडे, अशी ती वाटणी होती.

त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या 1823 च्या ग्रंथात करून ठेवले आहे. सूर्योदयापूर्वी घटकाभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे शाकाहारी जेवण. दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार. पुन्हा पूजा व अल्पाहार. आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत कामकाज. म्हणजे दिवसाकाठी सहा तास राज्याचे काम, आणि तेही उघड्या दरबारात बसून. आपल्याकडे बाईंची तसबीर नेहमी हातावर शिवलिंग घेतलेली असते. ती योग्यच आहे, पण त्या हातांनी हिशेबाचे कागदही तितकेच हाताळले, याची आठवण या ओसरीवर ठेवावी. काशीविश्वेश्वराचे मंदिर 1780 मध्ये पुन्हा उभे राहिले आणि सोमनाथ, गया, वेरूळ येथे कामे झाली, त्यांची फर्माने या साध्या बैठकीवरून सुटली. पुणे दरबारच्या वकिलांनी येथून पाठविलेली बातमीपत्रे द. ब. पारसनीस यांनी संपादून छापली आहेत. ज्यांना जुने मराठी वाचण्याची गोडी आहे त्यांनी निघण्यापूर्वी ती चाळावीत, म्हणजे हाच चौक माणसांनी भरलेला दिसू लागतो. संगमनेरचा शाहीर अनंतफंदी याच दरबारी आला आणि बाईंच्या शब्दावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिकाही आहे. वाड्याच्या एका भागात आता हॉटेल आहे. तिकडे फार वेळ न दवडता देवघराकडे जावे. नर्मदेच्या मातीची हजारो लहान लिंगे करून नदीत विसर्जन करण्याचा लिंगार्चनाचा प्रघात तेथे अद्याप चालू आहे.

किल्ल्यातून उतरताना दोन वास्तू समोरासमोर लागतात. एक अहिल्येश्वराचे देवालय, दुसरी विठोजीराव होळकरांची छत्री. छत्रीच्या बैठकीवर हत्तींची रांग कोरली आहे. मुले ते हत्ती मोजत बसतात. या विठोजीरावांना पुण्यात 1801 साली दुसऱ्या बाजीरावाच्या हुकुमाने हत्तीच्या पायी दिले, आणि त्यांचे बंधू यशवंतराव यांनी पुढल्याच वर्षी हडपसरापाशी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा मोड केला. हे ठाऊक झाल्यावर त्या हत्तींकडे पूर्वीच्या नजरेने पाहवत नाही.

मग घाट. अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट. यातील फणसे हे बाईंच्या जावयाच्या घराण्याचे नाव. जावई यशवंतराव फणसे 1791 मध्ये वारले आणि एकुलती कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने परोपरीने विनविले, पण मुलगी बधली नाही. ज्या बाईंना सासऱ्यांनी चितेवरून परत फिरविले होते, त्यांना आपली मुलगी फिरविता आली नाही. माल्कम लिहितो की त्या स्वतः चितेपाशी उभ्या होत्या आणि नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. जामघाटाचा दरवाजा याच सालचा आहे. आम्हांस वाटते, आपल्या मुलींना अहिल्याबाईंचे चरित्र सांगताना हा भाग आपण गाळतो; तो गाळू नये.

मंदसोरच्या तहानंतर 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर झाली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्याच ओघात इंदुरी आले. महेश्वर मागे राहिले, आणि त्याबरोबर विणकरही. बाईंनी परप्रांतांतून विणकर आणवून येथे वसविले होते. दरबार गेल्यावर मागांना उतरती कळा लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा अगदी क्षीण झाला होता. रिचर्ड व सॅली होळकर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ ही संस्था काढून विणकर स्त्रियांना पुन्हा मागावर बसविले, तेव्हापासून गावात खटखट वाढली.

महेश्वरी साडी घेताना काय पाहावे, हा प्रश्न भगिनीवर्ग विचारणारच. काठ उलट-सुलट दोन्ही बाजूंनी नेसता यावा. त्याला बुगडी म्हणतात. काठावरील चटई, विटा, लहरी हे नक्षीचे प्रकार किल्ल्याच्या भिंतींवर आणि नदीच्या पाण्यावर आधी पाहून घ्यावेत, मग साडीवर ओळखावेत. पदरावर पाच पट्टे असतात. चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी ही जुनी नावे विचारावीत. दुकानदाराला ती सांगता आली नाहीत तर तेथून उठावे. यंत्रमागावरची नक्कल आज बाजारात पुष्कळ आहे आणि ती स्वस्तही आहे. हातमागाचा विणकर त्या भावाशी झुंजू शकत नाही, म्हणून शक्य तर माग चालतो त्याच घरी साडी घ्यावी आणि घासाघीस जरा आवरती ठेवावी.

दिवस हाती उरला तर होडीने पलीकडच्या काठी नावडातोडीस जावे. डेक्कन कॉलेजचे प्रा. ह. धी. सांकलिया यांनी महेश्वर आणि नावडातोडी येथे 1952-53 मध्ये, व पुढे 1957 ते 1959 या काळात नावडातोडीस उत्खनन केले. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या, गोल व चौकोनी झोपड्यांत राहून गहू पिकविणाऱ्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची वस्ती तेथे उजेडात आली. पाहण्यासारखे असे तेथे आता फारसे नाही, पांढरीचा उंचवटा तेवढा आहे. पण तेथून मागे वळून पाहिले की घाट, छत्री, वाडा आणि नदीच्या मधोमध बेटावरचे बाणेश्वराचे देऊळ, सारे एका दृष्टीत मावते.

ज्यांना दोन दिवस काढता येतील त्यांनी परतताना नदीच्या वरच्या अंगाला रावेरखेडीस अवश्य थांबावे. 28 एप्रिल 1740 रोजी थोरल्या बाजीरावांचा तेथे अंत झाला. त्यांची समाधी नर्मदेकाठी आहे. तेथे दुकान नाही, गर्दी नाही. पाणी व फराळ बरोबर असावा. पुढे ओंकारेश्वर करून इंदूर.